कॉम्प्युटरला झालेला साक्षात्कार

काष्टीजवळच्या घोडकाठ दूध संघाच्या ऑफिसात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत उदबत्त्यांचा धूर आणि टेबलावर हार घातलेला कॉम्प्युटर. साल नव्व्याण्णव. खंडेनवमीला यंत्रांची पूजा सगळेच करतात, पण इथं आता रोजच आरती व्हायला लागली होती, कारण कानिफनाथ महाराज म्हणे त्याच्याशी बोलत होते.

"ह्ये यंत्र न्हाई, चित्रगुप्त हाय," महाराज म्हणाले. "मी निस्ता मंत्र घालतो. बोलनारा येगळाच हाय."

झालं होतं असं, की बाजाराच्या दिवशी, संघ बंद असताना, थंड खोलीतल्या जनावरांच्या लसी चोरीला गेल्या. दारावर ज्याचा त्याचा आकडा दाबून खोली उघडायची, त्यावरून ती कुणी कधी उघडली याची नोंद कॉम्प्युटर आपोआप ठेवायचा; चौकटीत नाव टाकलं की त्या माणसाच्या नोंदी पडद्यावर यायच्या. पण सोवळ्यातल्या या यंत्राला स्टोअरकीपर हर्षलशिवाय कुणी हात लावायचा नाही. "काहीच सापडत नाही," असं हर्षलनं सांगितलं आणि त्यानंच महाराजांना आणलं. महाराजांनी मंत्र घातला आणि नाव आलं खोली झाडणाऱ्या लंकाबाईचं.

दीपा कोपऱ्यात चुळबुळत उभी होती. ती श्रीगोंद्यात कॉम्प्युटर शिकवायची. लंकाबाई तिची आत्या. आईमागं तिनंच दीपाला वाढवलं होतं. आज पुन्हा तेच नाव आलं तर आत्याची नोकरी जाणार होती, वर कपाळी चोरीचा शिक्का.

"दीपे, बाजाराच्या दिशी मी हितं फिरकलेबी न्हाई," आत्या पुटपुटली. "पन यंत्र खोटं कसं बोलंल गं?"

आत्याचा स्वतःवरचाच भरवसा उडाला होता.

आरती सुरू झाली. सगळ्यांनी हात जोडून डोळे मिटले. बौद्ध घरातल्या दीपाला आरतीची सवय नव्हती. तिचे डोळे उघडेच राहिले. टाळ्यांच्या गजरात महाराज काय टाइप करताहेत ते तिला स्वच्छ दिसलं. मंत्रबिंत्र काही नाही. एक अवतरणचिन्ह आणि त्यापुढं सरळसोट इंग्रजी हुकूम.

आरती संपली. पडद्यावर लंकाबाई.

"अण्णा, मला एकदा मंत्र घालू द्या," दीपा चेअरमन रंभाजीअण्णांना म्हणाली.

"आंघोळ केलीस का?" हर्षल मधे पडला.

"केली. डोळेही धुतलेत. आता कुणी डोळे मिटायचे नाहीत."

तिनं टाइप केलं. पडद्यावर आलं, काल दुपारी थंड खोली अण्णांच्या वडिलांनी उघडली. त्यांच्याच वर्षश्राद्धाला निम्मं ऑफिस जेवून आलेलं.

अण्णा मटकन खुर्चीत बसले. "आबा? आबा कशाला येतील हितं?"

"आले नाहीत. मी लिहिलं, यानं दाखवलं. आपण टाकलेलं नाव हा प्रोग्रॅम दोन अवतरणचिन्हांत ठेवतो आणि कॉम्प्युटरला सांगतो, या नावाच्या नोंदी दाखव. आपणच मधे चिन्ह टाकलं, की नाव तिथं संपतं आणि पुढचं सगळं त्याला हुकूम वाटतं. खऱ्या नोंदी राहू दे, माझी ओळ दाखव म्हटलं, की तो मुकाट दाखवतो. बनवणाऱ्यानं तपासणीच ठेवलेली नाही."

मग तिनं नुसतं नाव टाकलं. चिन्ह नाही, मंत्र नाही. हर्षल. बाजाराचा दिवस, भर दुपार, थंड खोली उघडलेली. हर्षलनं मान खाली घातली. महाराज तोवर दारात चपला शोधत होते. पोरांनी त्यांना तिथंच धरून ठेवलं.

यंत्राला हवं तर हार घाला, बाबांनो. पण ते जे सांगतं ते त्याला सांगायला कुणी लावलं, हे डोळे उघडे ठेवून बघत जा.

अण्णा उठून लंकाबाईसमोर आले. "चूक झाली, लंकाबाई. यंत्रानं फसवलं."

"यंत्राचं काय घेऊन बसलात, अण्णा," ती म्हणाली. "इतकी वर्सं हितं झाडते मी. मला एकानं तरी इचारलं का?"