घरखर्चातून उरलेलं

धाकटीचं मनगट कामातून गेलं आणि लॉन्ड्रीच्या मालकाने तिची इस्त्री एका तरण्या पोरीच्या हातात दिली, तेव्हा सरकारी निर्वाह भत्त्यासाठी अर्ज करायचं थोरलीनेच काढलं. दोघी जावा. नवरे सख्खे भाऊ, एकापाठोपाठ जन्मले आणि एकापाठोपाठ गेले. मागे उरल्या भाड्याच्या दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि या दोघी. थोरलीला नवऱ्याची पेन्शन होती. धाकटीचा नवरा जन्मभर रोजंदारीवर, त्याच्यामागे तिच्या वाट्याला त्याची छत्री आली. छत्री चांगली होती, पण छत्रीवर महिना निघत नाही.

भत्ता नाही मिळाला तर जाऊबाईंच्या पेन्शनीवर जेवायचं, या विचारानेच धाकटीचा घास अडकायचा. कारण जाऊबाई घास मोजणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

त्या घराची रीत अशी होती. पगार झाला की धाकटी बसभाड्यापुरते ठेवून बाकीचे पैसे थोरलीच्या हातात द्यायची. थोरली भाडं भरायची, बाजार करायची, चूल सांभाळायची. हिशेब मात्र तिने कधी दिला नाही. विचारलाच तर म्हणायची, "जेवलीस ना? मग झाला हिशेब." चहात दूध नावाला. अंडं एक, त्याचे भाग दोन. पावाची शिळी टोकंसुद्धा डब्यात जपून ठेवलेली. एवढ्या काटकसरीतून काहीतरी उरतच असणार, हे कळायला धाकटीला शाळेत जायची गरज नव्हती. लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालता घालता ती मैत्रिणींना सांगायची, आमच्या जाऊबाई माझ्या पैशातून स्वतःची गाठ बांधतायत. मैत्रिणी चादर झटकायच्या आणि आपापल्या घरातल्या गाठी सोडायच्या.

घरी मात्र ती याबद्दल चकार शब्द काढत नसे. भांडून एकाच चुलीवर जेवणं अवघड असतं, आणि दुसरी चूल परवडत नव्हती.

भत्त्याच्या कार्यालयातला कारकून चष्मा कपाळावर ठेवून बोलायचा आणि खाली ओढून वाचायचा. लोक कसे गरीब होतात हे त्याने रोज पाहिलेलं. जिन्यात अंगठ्या काढून खिशात टाकणारे, मुलगा परदेशी आहे हे ऐनवेळी विसरणारे. या दोघींकडे पाहून त्याने चष्मा कपाळावरच ठेवला, म्हणजे त्याचा विश्वास बसला होता. नियम त्याने समजावून सांगितला: गाठीची शिल्लक ठरावीक रकमेच्या आत असेल तर दरमहा भत्ता, वर गेली तर नाही. शिल्लक किती, असं विचारल्यावर धाकटीने पर्समधलं सगळं सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही.

मग त्याने तिचा ओळख क्रमांक संगणकात घातला आणि चष्मा खाली ओढला.

जुन्या बाजाराजवळच्या बँकेत तिच्या नावावर एक खातं होतं. बरीच वर्षं त्यात दरमहा थोडे थोडे पैसे पडत गेलेले, मग एकाएकी थांबलेले. वर व्याज साचलेलं. सगळे मिळून लॉन्ड्रीच्या दोन वर्षांच्या पगाराच्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या चांगलेच वर. धाकटी म्हणाली, नावात घोटाळा झाला असेल. कारकुनाने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. सही तिचीच होती, डावीकडे कललेली. थोरली समोर ठेवेल त्या कागदावर ती सही करत आली होती. विजेचा असेल, भाड्याचा असेल, वाचत कोण बसतंय?

तिने थोरलीकडे पाहिलं. थोरली खिडकीकडे पाहत होती. खिडकीबाहेर फक्त भिंत होती.

"बाजाराजवळची बँक उठून नदीपलीकडे गेली," थोरली भिंतीला सांगितल्यासारखी म्हणाली. "दोन बस बदलायच्या. गुडघे ऐकेनात, मग राहिलं. नंतर विसरलेच गं मी."

कारकून भला माणूस होता. त्याने हळूच वाट दाखवली. खातं एकीच्या नावावर आणि पैसा दुसरीचा, असं घरोघरी असतं, म्हणाला. पैसे जर या थोरल्या बाईंचे असतील, तर दोघींनी तसं लिहून सह्या करायच्या. मग ती शिल्लक धाकटीची धरणार नाहीत, आणि अर्ज पुढे जाईल.

थोरलीने क्षणभरही वेळ लावला नाही. "माझेच आहेत," ती म्हणाली. "ही घरखर्चाला द्यायची, त्यातून मी मारायचे. लिहा तसं."

आपण भाजी कशी घेतली हे सांगावं, तसं सांगितलं तिने. कारकुनाने लिहायला घेतलं. धाकटी पेनाकडे बघत राहिली. तिच्या डोक्यात आकडे आपोआप मांडले जात होते, लॉन्ड्रीतली सवय. खात्यातले पैसे ओढूनताणून चार वर्षं पुरणार. भत्ता मरेपर्यंत. शिवाय जे ती वर्षानुवर्षं चादरींच्या आडून बोलत आली, तेच आता सरकारी कागदावर शिक्क्यासकट उतरत होतं, आणि बोलणारी स्वतः थोरली होती. यापेक्षा फायद्याची सही तिने जन्मात केली नसती.

कारकुनाने कागद पुढे सरकवला. थोरलीने सही ठोकली आणि पेन तिच्यापुढे धरलं.

धाकटीने पेन घेतलं, टोपण लावलं आणि टेबलावर ठेवलं.

"फाडा हो तो कागद," ती म्हणाली. "पैसे माझे आहेत. यांनी फक्त ठेवले."

अर्ज नामंजूर होईल, कारकुनाने बजावलं. होऊ दे, ती म्हणाली. मग त्याने चष्मा पुन्हा कपाळावर सारला आणि पुढचं सांगितलं: पैसे कोणाला देऊन टाकायचे नाहीत, खायला, भाड्याला, औषधाला खर्च करा, पावत्या ठेवा, आणि शिल्लक मर्यादेखाली आली की परत या.

बसथांब्यावर थोरलीने तिला मनसोक्त झापलं. दरमहा चालून येणारं कुणी लाथाडतं का? माझं नाव खराब झालं असतं तर झालं असतं, या वयात मला काय नोकरी शोधायचीय? धाकटी बस येते का ते बघत होती. बस दिसेना, तेव्हा तिने विचारलं, "वहिनी, मी तुमच्याबद्दल काय बोलत होते, माहीत आहे तुम्हाला?"

"नसायला काय झालं? तुझी ती चादरीवाली मैत्रीण मला भाजीच्या दुकानात भेटायची. तिच्या पोटात काही राहतं का?"

"मग खात्याचं सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर मागितले असतेस. आणि मागितले असतेस तर उडवले असतेस." थोरलीने रस्त्याकडे मान वळवली. "मनगटं काय जन्मभर टिकणार होती तुझी?"

बस आली. तिकिटं धाकटीने काढली आणि न सांगता पर्समध्ये नीट घडी करून ठेवली.

पुढच्या आठवड्यात तिने नदीपलीकडे जाऊन महिन्याचे पैसे काढून आणले आणि नेहमीसारखे थोरलीच्या हातात दिले. म्हणाली, दूध वाढवा, सरकारनेच खर्च करायला सांगितलंय. थोरलीने खरोखरच जास्त दूध घातलं. भांड्याकडे बघत, कुणीतरी हात पिरगाळल्यासारखं, पण घातलं. मग तिने नोटा मोजल्या, भाड्याच्या वेगळ्या काढल्या, बाजाराच्या वेगळ्या. शेवटी एक नोट उचलून घडी केली आणि साखरेच्या डब्याखाली सरकवली.

धाकटी चहाचा पहिला घोट घेत होती. तिने तो सावकाश गिळला.

"वहिनी," ती म्हणाली, "असं केलंत तर भत्ता मला या जन्मी मिळायचा नाही."