नव्वद शांत दिवस

८६

चार दिवसांनी साइमी सुटणार होती.

ताम्पेरे शहरातल्या एका कंपनीनं नऊ वर्षांपूर्वी गावांच्या पाणीपुरवठा केंद्रांसाठी एक प्रोग्रॅम बनवला होता. त्याची चौथी आवृत्ती, सगळ्यांच्या तोंडी नुसती 'चार', अजून अकरा गावांत चालत होती आणि ती गावं बदलायला तयार नव्हती. वरच्या मजल्यावर सगळे सहाव्या आवृत्तीत रमले होते. खाली, चारजवळ, साइमी एकटी. सहा वर्षं.

नियम सरळ होता. चारमध्ये नव्वद दिवस कुणी बोट घातलं नाही की तिची दुरुस्ती कायमची बंद, आणि सांभाळणारा मोकळा. बोट घातलं की दिवस मोजणाऱ्या फळ्यावर शून्य. जो उघडेल तोच पुढे सांभाळेल.

मागे एकदा ती एक्काहत्तरपर्यंत पोचली होती. तेव्हा एका गावानं तक्रार केली की पंप तीन सेकंद उशिरा सुरू होतो. तिनं तो उशीर काढला. दुसऱ्या गावातली झडप बंद व्हायला नेमके तेच तीन सेकंद लागत होते. तिथल्या तळघरात पाइप फुटला. साइमीनं उशीर परत घातला आणि नोंद केली: जुनी चूक पूर्ववत केली. एका महिन्यात दोन शून्यं.

आज शुक्रवार. शेवटची टिपणं लिहायची म्हणून ती जुना कोड वाचत बसली, आणि तिला ते दिसलं. मग ती इलारीच्या खोलीत गेली.

"चारमध्ये भोक आहे."

"कुणी तक्रार केली?" इलारी तिचा वरिष्ठ. तोंडात पुल्लाचा, गोड पावाचा, घास होता.

"कुणी नाही. मीच बघितलं."

"तू कशाला बघत होतीस?"

"सोपवायची टिपणं लिहीत होते."

"सोपवणार कुणाला? मंगळवारी बंद होतेय ती. तुला पण ना, मेलेल्याचे केस विंचरायची हौस."

"ऐक तरी. पुढच्या रविवारी हिवाळ्याची वेळ सुरू होतेय, पहाटे देशभर घड्याळ चारवरून परत तीनवर जाईल. त्यानंतर तासभर जो धोक्याचा इशारा येईल, त्याची वेळ आधीच्या नोंदींच्या मागची दिसेल. प्रोग्रॅमला वाटणार, शिळा आहे. फेकून देणार."

इलारीनं घास गिळला. "नऊ वर्षांत त्या तासात कधी काही बिघडलं?"

"नाही. बिघडलं असतं तर हे भोक तेव्हाच कळलं असतं."

"आणि तू नऊ दिवसांत ठिगळ लावून, तपासून, अकरा गावांना पाठवणार? पंप आठवतो ना?"

"आठवतो."

"मग माहीत असलेल्या दोषांच्या यादीत टाक. यादीत लिहिणं म्हणजे उघडणं नव्हे. वर तुझी खुर्ची ठेवलीय, साइमी. खिडकीजवळची."

८७, ८८

शनिवार, रविवार. ती जंगलात अळंबी शोधायला गेली. रिकाम्या टोपलीनं परत आली. फळा आपोआप पुढे सरकला.

८९

यादीतली दोनशे चौदावी ओळ:

रविवारी पहाटे एक तास कोणताही इशारा जाणार नाही.

खोडली.

रविवारी पहाटे काही इशारे न जाण्याची शक्यता आहे.

खोडली.

घड्याळ बदलताना इशाऱ्यांवर मर्यादित परिणाम होऊ शकतो.

ठेवली.

९०

केक आला. इलारीनं दोन वाक्यांचं भाषण केलं. त्याच्या मानानं ते लांबलं. दुपारी साइमी वर बसली होती. सहामध्ये पाणी नकाशावर निळं वाहत होतं. तिनं संध्याकाळपर्यंत चाळीस गोष्टी बदलल्या आणि एकही माणूस विचारायला आला नाही. काही बिघडलं की शेजारचा हसायचा आणि दोघं नीट करायचे. घरी जाताना तिच्या लक्षात आलं की आपण दिवसभर खांदे आक्रसून बसलो नव्हतो.

९०

फळा थांबलेला. बुधवार. फोन.

"साइमी? तौनो बोलतोय, कुइवाकोस्कीच्या पाणीकेंद्रातून. तुझी यादी वाचत होतो."

यादी कुणी वाचतं हे तिला ठाऊक नव्हतं.

"दोनशे चौदावी ओळ. मर्यादित म्हणजे किती गं?"

"म्हणजे... थोडा."

"थोडा म्हणजे?"

साइमीनं खिडकीबाहेर बघितलं. "तासभर काहीच वाजणार नाही."

"पाण्यात क्लोरिन वाढल्याचंपण?"

"क्लोरिनचंपण."

तौनो गप्प झाला. तो रागावला की गप्प व्हायचा आणि नाही रागावला तरी गप्पच असायचा. सहा वर्षांत तिला फरक कळला नव्हता.

"बरं," तो म्हणाला. "मग मी पंपापाशी जाऊन बसेन. शनिवारी ओउलुला नातीचं बारसं आहे, तिथून रात्री निघेन. तीनच तासांचा रस्ता."

"आणि बाकीची दहा गावं?"

"त्यांना कळलंच असेल की. यादीत लिहिलंयस ना तू."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

०

गुरुवारी सकाळी तिनं चार उघडली. एक ओळ बदलली: वेळेऐवजी नोंदीचा क्रमांक बघायचा. मग दिवसभर तीच ओळ तपासली. पंप, झडप, टाकी, परत पंप.

इलारी खाली आला. "उघडलीस."

"एकच ओळ."

"नियम माहीत आहे ना? ती खुर्ची सोमवारी दुसऱ्याला द्यावी लागेल."

"माहीत आहे."

तो जाताना दार हळूच लावून गेला.

तासाभरात बातमी पसरली. विक्री विभागाची पत्रं आली. उघडीच आहे तर मोबाइलवर इशारे द्या. उघडीच आहे तर आलेख रंगीत करा. उघडीच आहे तर स्वीडिश भाषा घाला. सात पत्रं, सातही "उघडीच आहे तर"नं सुरू होणारी. साइमीनं सातही जणांना नाही म्हणून कळवलं. शुक्रवारी दुपारी ती एक ओळ, नुसती एक ओळ, अकरा गावांना गेली.

चार वाजता तौनोचा फोन.

"बसवली. चालतेय. आज दोनदा घड्याळ मागे करून बघितलं, दोन्ही वेळा इशारा वाजला."

"मग ओउलुलाच राहा शनिवारी. केक खा."

"खाईन."

तो फोन ठेवेना.

"आता उघडीच आहे तर," तौनो म्हणाला.

"तूपण?"

"आमची टाकी काठोकाठ भरली की पडद्यावर उणे दाखवते. शंभरच्या पुढे आकडा गेला की उलटा."

"कधीपासून?"

"ऑगस्टपासून."

"ऑगस्ट? आणि आत्ता सांगतोस?"

"तुझे दिवस मोजणं चाललं होतं ना. ऑगस्टमधल्या बैठकीत आम्ही अकराही जणांनी ठरवलं होतं. पोरीचे नव्वद होऊ देत, तोवर कुणी तोंड उघडायचं नाही. आम्ही टाकीत काठी बुडवून बघत होतो. बाकीच्यांचंही असंच काहीबाही आहे." तौनोनं घसा खाकरला. "एका कागदावर लिहून ठेवलंय सगळ्यांनी मिळून. पाठवू का?"

साइमीनं कपाळ तळहातावर टेकवलं.

"किती आहेत?"

"तेवीस," तौनो म्हणाला. "पण घाई नाही हं काही."