चौफेर शिवण

दादांनी कापडाची कड पुठ्ठ्यावर दुमडली, हाडाची पट्टी तिच्यावरून सावकाश फिरवली आणि कोपऱ्यापाशी येऊन ते थांबले. बाइंडरची परीक्षा कोपऱ्यातच होते. कापड जास्त झालं तर तिथे गाठोडं दिसतं, कमी पडलं तर पुठ्ठा डोकावतो. त्यांनी नखाने कापडाची बारीक चुणी घेतली, खळीचं बोट लावलं आणि श्वास रोखून ती आत ढकलली.

समोरच्या स्टुलावर त्यांची धाकटी बहीण बसली होती. नवा फोन तिने मांडीवर तान्ह्या पोरासारखा धरला होता.

"दुकानवाला म्हणतो, आजी, केस घ्या नाहीतर विमा घ्या, पण असा उघडा नेऊ नका. मी म्हटलं, का रे बाबा, सर्दी होणार आहे का त्याला?"

दादा हसले. म्हणजे त्यांच्या मिशीचं एक टोक हललं.

"मग मीच सांगितलं, केस नको नि विमाही नको. माझा भाऊ बाइंडर आहे."

हे ती मुद्दाम मोठ्याने म्हणाली असं नाही. तिचं सगळंच बोलणं मोठ्याने असे. लहानपणी घरात तिला भोंगा म्हणत, आणि अजूनही ती खिडकीशी बसून कुजबुजली तरी रस्त्यावरची माणसं वर बघत.

दादांचं नेमकं उलट होतं. त्यांचा आवाज ओठांपर्यंत यायचा आणि दारात आलेल्या पाहुण्यासारखा संकोचून तिथेच उभा राहायचा. शाळेत मास्तर, पुढे छापखान्याचा मालक, लग्नानंतर सासरे, सगळे त्यांना एकच सांगत आले होते, जरा मोठ्याने बोला. बायको होती तोवर निभावलं. दादा काहीतरी पुटपुटायचे आणि ती ते खोलीभर पोचवायची, "हे म्हणताहेत, बसा हो, जेवूनच जा." ती गेल्यावर दादांचं बोलणं बहुतेक कापडाशी आणि कागदाशी उरलं. कागद कधी "काय म्हणालात?" असं विचारत नाही.

"हे बघ," दादा म्हणाले आणि बहिणीने सवयीने मान पुढे केली. "खालच्या कडेला ही दोन बारीक भोकं असतात. धूळ शिरते ती इथूनच. ती दुकानातली रबरी कव्हरं नेमकी तिथेच उघडी असतात. मी तिथे पुठ्ठा दुहेरी घेतो आणि वरून शिवतो."

"तुझ्यासारखंच कर सगळं. अगदी तसंच."

त्यांचा स्वतःचा फोन टेबलावर होता. तपकिरी कापड, पाठीला पुस्तकासारखा कणा, कडेने चौफेर मेणाच्या दोऱ्याची शिवण. समोरची काच मोकळी, कान लावायची फट मोकळी, कॅमेऱ्याला खिडकी, चार्जिंगच्या जागी छोटी झडप. बाकी कुठून मुंगी शिरायची नाही. काढायचं म्हटलं तर टाके उसवण्यावाचून इलाज नव्हता, पण दादांनी आयुष्यात जे जे बांधलं ते उसवण्यासाठी बांधलं नव्हतंच.

फोन मुलीने आणला होता. ती नोकरीच्या गावाहून एक दिवसासाठी आली, फोन त्यांच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "बाबा, केसही घातलीय आणि विमाही काढलाय. पडला तरी काळजी नाही." तिने सहज म्हटलं होतं. दादांना मात्र ते लागलं. या हातांतून कधी काही पडलं होतं का? आणि जन्मभर पुस्तकांना अंगरखे शिवणाऱ्या माणसाला बाजारातलं रबर? ती परत गेली त्याच दिवशी त्यांनी ते कव्हर सोलून कचऱ्यात टाकलं आणि पुठ्ठा कापायला घेतला.

बहिणीने खिडकीतून बाहेर पाहिलं. मग फोन या हातातून त्या हातात घेतला. तिला काही विचारायचं असलं की तिचे हात आधी बोलायला लागत.

"पोरीचा फोन येतो का रे?"

"रविवारी."

"काय म्हणते?"

"बरी आहे."

"आणि तू काय म्हणतोस?"

दादांनी तिच्या हातून फोन घेऊन पुठ्ठ्यात बसवला आणि सुईत दोरा ओवला. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदाही चुकला.

"मी म्हणतो, बरं."

"दादा, रागावू नकोस. पण तिने तुला विचारलं होतं ना, इकडे येऊन राहू का म्हणून?"

सुई पुठ्ठ्यात अर्धी जाऊन थांबली.

विचारलं होतं. तिचं घर मोडलं तेव्हाची गोष्ट. नवऱ्यापासून वेगळं व्हायचं ठरलं होतं, आणि एका रविवारी इकडचं तिकडचं बोलता बोलता तिने विचारलं, "बाबा, मी काही दिवस तिकडे येऊन राहू का?" दादा खुर्चीत बसले होते ते उठून उभे राहिले. उभं राहून त्यांनी तिला सांगितलं, विचारतेस काय, हे घर तुझंच आहे, आईची खोली मी आजच झाडून ठेवतो, ये, आणि काही दिवस वगैरे म्हणू नकोस. इतकं सलग ते पूर्वी कधी कुणाशी बोलले नव्हते. बोलून झाल्यावर त्यांच्या कानशिलांवर घाम आला होता. तिकडून जरा वेळाने "बरं बाबा" एवढंच आलं.

त्यांनी खोली झाडली. गादीला ऊन दाखवलं. पुढच्या रविवारी तिने सांगितलं की ऑफिसजवळ तिने एक खोली भाड्याने घेतलीय. तेव्हा दादा "बरं" म्हणाले होते, आणि त्यानंतर दर रविवारी तेवढंच म्हणत होते.

"मी तिला ये म्हटलं होतं," दादा म्हणाले. "तीच आली नाही."

"ती तर म्हणाली, तू काही बोललाच नाहीस."

"मी?"

"नुसतं काहीतरी पुटपुटल्यासारखं झालं, मग गप्प. मला म्हणाली, आत्या, बाबांना ते अवघड जातंय, मी पुन्हा नाही विचारणार त्यांना." बहिणीने स्टूल पुढे ओढलं. "आज मी कव्हरासाठीच आले असं नाही रे."

"तिचं लक्षच नसतं." दादांचा आवाज त्यांच्या मानाने बराच चढला होता. "सुरुवातीलाच म्हणायला लागली, बाबा, मोठ्याने बोला, ऐकू येत नाही. मास्तरासारखं. मी फोन ठेवून दिला. पुढच्या रविवारी उचललाच नाही. तेव्हा कुठे गप्प बसली. आता कसं, सगळं ऐकू येतं तिला. हो बाबा, हो बाबा करते. आणि तुला सांगते मी बोललोच नाही."

 दादा मान खाली घालून शिवत राहिले. दोऱ्याचा खसखस आवाज तेवढा खोलीत होता. शेवटचा टाका घालून त्यांनी गाठ मारली, दोरा कापला, अंगठा सगळ्या कडांवरून फिरवला आणि फोन तिच्यापुढे धरला.

"जा. आतून लावून बघ. बटणं नीट दाबली जातात का ते कळेल."

ती मागच्या खोलीत गेली. टेबलावरचा फोन वाजला. दादांनी तो कानाला लावला.

"दादा, ऐकू येतंय का रे? छान बसलंय बघ हे," असं भिंतीपलीकडून स्वच्छ ऐकू आलं.

फोनमधून काहीच आलं नाही. म्हणजे काहीतरी येत होतं. दादांनी दुसऱ्या कानात बोट घातलं तेव्हा ते कळलं. कुणीतरी गोधडीत तोंड खुपसून बोलत असावं तशी गुणगुण. माणूस आहे एवढं समजत होतं. काय म्हणतंय, रागाने म्हणतंय की मायेने, की नुसतंच कण्हतंय, ते सांगता येत नव्हतं. आणि हा भोंग्याचा आवाज होता, ज्याला आजवर भिंत, पाऊस, छापखान्याचं यंत्र यांतलं काहीच अडवू शकलं नव्हतं.

गुणगुण थांबली. ती प्रश्न विचारून थांबली असणार.

"हो, हो," दादा म्हणाले. "येतंय."

तिला वाईट वाटू नये म्हणून ते तसं म्हणाले. विचार न करताच तोंडातून गेलं. मग स्वतःच्या तोंडून ऐकलेला तो 'हो, हो' त्यांना ओळखीचा वाटला आणि ते फोन कानाला तसाच धरून खाली बसले.

बहीण दारात आली. "अरे, तू काही म्हणालास का? मला काहीच नाही आलं बाबा. पाण्यात बुडबुडे आल्यासारखं झालं नुसतं." तिने फोन उलटासुलटा केला. "माझा आवाजसुद्धा खाल्ला म्हणजे कमाल आहे हं तुझ्या पुठ्ठ्याची."

ती हसायला लागली होती. दादांच्या चेहऱ्याकडे पाहून थांबली.

दादांनी आपला फोन उलटा केला. खालच्या कडेवर, जिथे ती दोन भोकं होती, तिथे त्यांचे टाके एका मापाचे, एका रेषेत बसले होते. इतके सुबक की पुस्तकं बांधायला देणाऱ्या ग्रंथालयातल्या बाईंनी हातात घेऊन कौतुक केलं होतं. दादांना आता त्या टाक्यांकडे बघवेना. त्यांनी पातळ सुरी घेतली. टाके उसवताना बहिणीने आपल्याकडे बघू नये असं त्यांना वाटत होतं, म्हणून ते खिडकीकडे पाठ करून उजेड अडवूनच काम करत राहिले.

पुठ्ठा निघाला. भोकांवर खळ सुकली होती. त्यांनी मऊ ब्रश घेतला आणि ती कणाकणाने झाडली.

"हे बघ," बहीण हळू आवाजात म्हणाली, म्हणजे कुणीही साधारण बोलेल तेवढ्या. "तिला सांग, फोन बिघडला होता. विमा आहेच, दुरुस्त करून आणला म्हण. कोण विचारतंय?"

दादांनी मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी हे तिला कळलं नाही, त्यांनाही बहुधा कळलं नव्हतं. त्यांनी मुलीचा नंबर लावला.

"बाबा? आज कसा काय फोन? बरे आहात ना?"

"बरा आहे."

"हो बाबा. मीपण बरी आहे. कामाची गडबड आहे जरा, पण ठीक..." ती रविवारच्या सरळ सुरात बोलत सुटली आणि मधेच थांबली. "बाबा?"

"हं."

"तुमचा आवाज आला."

दादांनी सुरी बाजूला सरकवली.

"फोन दुरुस्त केलात का?"

ते शब्द बहिणीपर्यंतही पोचले होते; तिने समोरून जोरजोरात होकारार्थी मान हलवली. वाट आयती उघडी होती, त्यांना फक्त हो म्हणायचं होतं, आणि 'हो' म्हणायला दादांना कधी फार आवाज लागत नसे.

"नाही," ते म्हणाले. "फोन चांगलाच होता. तू दिलेलं ते कव्हर मी टाकून दिलं. माझं शिवलं. बोलायची जागा त्याच्याखाली गेली."

"कधी?"

"तू गेलीस त्याच दिवशी."

तिकडे कुणाची तरी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दार लागलं. ती ऑफिसमधून बाहेर कुठेतरी येऊन उभी राहिली असावी.

"म्हणजे तेव्हापासून..."

"मग तू हो हो कशाला म्हणत होतीस?"

"ऐकू येत नाही म्हटलं की तुम्ही फोन उचलत नव्हता."

दादांनी टेबलावरचे दोऱ्याचे तुकडे गोळा करायला सुरुवात केली. एकेक उचलून ते तळहातावर ठेवू लागले.

"त्या दिवशी तू विचारलंस ना," ते म्हणाले, "इकडे येण्याचं..."

"जाऊ द्या ना बाबा ते. आता खोली घेतलीय मी. चांगली आहे. खिडकी मोठी आहे."

"मी बोललो होतो तेव्हा."

"काय बोलला होता?"

बहिणीने तोंड उघडलं. तिला आता सगळं माहीत होतं, आणि तिने एकदा सांगितलं असतं तर फोनशिवायही ते तिकडे पोचलं असतं. दादांनी तिच्याकडे आशेने पाहिलं. तिने तोंड मिटलं, उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला.

दादा उभे राहिले. तळहातावरचे दोरे खाली सांडले. त्यांनी ते पुन्हा सांगितलं. विचारतेस काय, हे घर तुझंच आहे, काही दिवस वगैरे म्हणू नकोस. खोली झाडण्याचं वाक्य मधे राहून गेलं, ते त्यांनी शेवटी जोडलं, आणि त्यात 'झाडून ठेवतो'च्या जागी 'झाडून ठेवली होती' असं आलं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच लहान होता.

तिकडून काहीच आलं नाही. दादांनी फोन कानापासून काढून खालची भोकं पाहिली. अंगठा त्यांच्यावर नव्हता.

"ऐकू नाही का आलं?"

"आलं."

नळ वाहत होता. मग मुलगी म्हणाली, "परत एकदा म्हणा ना, बाबा."

दादांनी घसा साफ केला.