विमानाची आग आणि कोंडाजीचा राब

कोंडाजीच्या राबाची आंदर मावळात ख्याती होती. लोक राब भाजतात म्हणजे काय करतात, तर भाताचं रोप टाकायच्या वाफ्यावर पालापाचोळा पसरतात, काडी लावतात आणि चहा प्यायला जातात. कोंडाजीचं तसं नव्हतं. खाली शेणाचा जाड थर, त्यावर ऐनाच्या झाडाचा टहाळा, त्यावर गवत आणि सगळ्यावर हातानं भुरभुरलेली बारीक माती. पेटवायचा तोही वाऱ्याच्या उलट्या अंगानं. मग आग पळत सुटत नाही, रेंगाळत चालते आणि जमिनीतलं तणाचं बी न बी भाजून काढते. त्या वाफ्यात रोप असं उठायचं की वाटेनं जाणारा बांधावर थांबायचा. कोंडाजीची बायको सरुबाई म्हणायची, "पोटच्या पोरांस्नी येवडं जपलं न्हाई, येवडं ह्या राबाला जपत्यात."

तर हाच राब त्या वर्षी घरच्याच नातीच्या आड आला.

नात म्हणजे सृष्टी. तळेगावात शिकून इंजिनीअर झाली आणि नोकरी लागली ती आजोबाच्या शेताला लागून असलेल्या माळावर. तिथं एका लहानशा कंपनीनं लांबट पत्र्याची शेड घातली होती. आत विमानाच्या इंजिनाचं एक खोटं आवरण होतं. पंख नाहीत, चाकं नाहीत, नुसतं लोखंडाचं मोठं पिंप आणि त्याच्या तोंडाशी बैलगाडी मावेल एवढा पंखा. त्या पिंपात तेल फवारून मुद्दाम आग लावायची आणि ती विझवायची, हे तिथलं काम. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कोंडाजी पोट धरून हसला होता.

"सोताच लावायची आन सोताच इझवायची? ह्याचा पगार देत्यात व्हय?"

"आबा, हसू नका," सृष्टी म्हणाली होती. "आभाळात विमानाच्या इंजिनाला आग लागली तर पाण्याची कळशी घेऊन कोण जाणार? म्हणून इंजिनापाशी गॅसची बाटली बसवलेली असते. पायलटनं बटण दाबलं की गॅस आत सुटतो, आग जाते. हॅलोन म्हणतात त्याला."

"मग झालं की. तुमी काय नवं करताय?"

"हॅलोन आगीला चांगला, पण आभाळाला वाईट. वर ओझोनचं पांघरूण आहे ना, ते विरळ करतो. जगानं तो तयार करणं केव्हाच बंद केलं. विमानवाले अजून जुना साठा गोळा करून, गाळून वापरतात. तो संपला की काय? म्हणून दुसरा गॅस शोधायचा. आभाळाला न खाणारा, पण आगीला हॅलोनसारखाच भारी."

"म्हंजे जुन्या बियाण्यावर चाललंय म्हण की."

"अगदी तसंच."

बियाण्याचं म्हटल्यावर कोंडाजीला ते काम पटलं. तेव्हापासून तो येता-जाता विचारायचा, "उगवलं का गं तुमचं नवं बी?" आणि सृष्टी म्हणायची, "अजून नाही, आबा." कधी गॅस थंडीत नीट पसरायचा नाही, कधी जास्त लागायचा, कधी आग जायची आणि लगेच परत यायची. तीन वर्षं पोरगी त्या पिंपाभोवती फिरत होती.

शेवटी एक मिश्रण जमलं. विमान कंपनीच्या एक मॅडम बंगळूरहून स्वतः बघायला येणार होत्या. त्यांच्यासमोर चाचणी झाली तर काम पुढं जाणार, नाहीतर ते परदेशातल्या मोठ्या केंद्राकडं जाणार आणि ही शेड रिकामी होणार. मॅडमना त्याच संध्याकाळी पुण्याहून परत जायचं होतं. दुसरा दिवस मिळणार नव्हता.

सृष्टीनं आठवडाभर आधी गावात घरोघर जाऊन सांगितलं, "त्या दिवशी राब पेटवू नका. पंखा बाहेरची हवा ओढतो. धूर आत गेला की गॅस मोजायची यंत्रं काजळीनं तुंबतात." दिवस राब भाजायचेच होते, तरी गावानं ऐकलं. कुणी आधी उरकला, कुणी पुढं ढकलला. कोंडाजीनं दोन दिवस आधीच पेटवला. आपल्यापायी नातीला घोर नको.

पण चांगल्या राबाची हीच खोड. गावातले पालापाचोळ्याचे राब भपकन जळून गार झाले. कोंडाजीचा चालतच राहिला. त्यातून शेडच्या बाजूच्या कोपऱ्यात यंदा त्यानं शेण जरा सढळ टाकलं होतं. मॅडम यायच्या दिवशी सकाळी वरून राख दिसत होती आणि तिच्याखाली शेण निवांत धुमसत होतं. नेमका वाराही त्या दिवशी शेताकडून माळाकडं.

सृष्टी बांधावरून धावत आली. मागं तिच्याबरोबर काम करणारा तळेगावचा सार्थक, हातात एक लाल नळकांडं घेऊन.

"आबा, राब अजून पेटलाय! पंखा लावला आणि यंत्रं काळी पडायला लागली."

कोंडाजीनं कोपऱ्याकडं बघितलं. धुराची बारीक वेटोळी उठत होती आणि सरळ शेडकडं चालली होती, जणू त्यांनाही पाहुणी बघायची होती. तो हंडा घेऊन ओढ्याकडं वळला.

सृष्टीनं हंडा धरला. "पाणी नको. राखेचा चिखल होईल. सगळा वाफा वाया जाईल."

"आन तुजी तीन वरसं वाया गेली तर?"

"पाणी नको म्हटलं ना, आबा."

"मी बाजारातनं रोप आणीन."

"तुम्ही? बाजारातून रोप?" एवढ्या घाईतही तिला हसू आलं. "गाव बघायला येईल."

सार्थक मधे पडला. "आबा, थांबा. आपल्याकडं आहे ना औषध. हे त्याच जातीचं, हातात धरायचं." त्यानं नळकांड्याचं तोंड धुराकडं केलं आणि दाबलं. फुस्स आवाज झाला, गार ढग राबावर पसरला. धूर गेला. सार्थकनं मान ताठ करून कोंडाजीकडं पाहिलं. कोंडाजी उकिडवा बसला आणि वाट बघू लागला. वाऱ्यानं ढग उचलून नेला. थोड्या वेळानं राखेतून एक बारीक वेटोळं पुन्हा डोकावलं.

"आली बघा म्हातारी माघारी," कोंडाजी म्हणाला.

सार्थकचा चेहरा पडला. "ही वरची आग नाही आबा, आतली आहे. गॅस वरच्यावर उडून जातो."

"तुमचं बरोबर हाय रं. माजी आग वाईट हाय." कोंडाजीनं त्याच्या पाठीवर थाप मारली, पण त्याचं लक्ष माळावर होतं. एक पांढरी गाडी शेडपाशी येऊन थांबली होती. सृष्टीनंही ती पाहिली आणि तिचा हात हंड्यावरून सुटला.

आता हंडा कोंडाजीच्या एकट्याच्या हातात होता. तो ओढ्याकडं दोन पावलं गेलाही असता. पण समोरून सावळा येत होता. सावळा ठाकरवाडीचा. त्याचं शेत माळाच्या पलीकडं, ओढ्याच्या खालच्या अंगाला. लोणावळ्यात एका बंगल्याच्या कामावर गेलेला तो कालच परतला होता, त्यामुळं त्याचा राब नुसता रचलेला, अजून भाजायचा होता.

"भाऊ, माचिस हाय का? सृष्टीताई आज नगं म्हनली, पर माजं शेत पार खाली, धूर तिकडनं तिकडं दरीत जातो. इचारायला आलो."

कोंडाजीनं हंडा खाली ठेवला. मग म्हणाला, "माचिस कशाला? इस्तू ने की."

पूर्वी मावळात काड्यापेटीची चैन कुणाला होती? चूल विझली तर बाई खापरात गोवरी घेऊन शेजारणीकडं जायची आणि विस्तव मागून आणायची. देणारणीची चूल काही त्यानं विझत नसे. सरुबाईनं सगळी उमर तसा विस्तव दिला-घेतला होता. ती बांधालगतच्या घराच्या ओसरीवरून ओरडली, "मी घमेली आणते!"

"सगळाच नेऊ?" सावळ्यानं धुमसणारा कोपरा बघून विचारलं.

"सगळा. एक निखारा ठेवू नगंस."

मग काय विचारता! सावळ्यानं वाडीला हाळी दिली. त्याची बायको चिंगी आली, दोन पोरी आल्या, सार्थकनं बाह्या सरसावल्या. कोंडाजी फावड्यानं कोपऱ्यातलं धगधगतं शेण अलगद उचलायचा, घमेल्यात टाकायचा, वर माती भुरभुरायचा म्हणजे वाटेत धूर नको. घमेली डोक्यावरच्या चुंबळीवर बसून ओढ्याकडं चालली.

"सांडू नगा," कोंडाजी बजावत होता. "घरचा इस्तू हाय."

"भाऊ, येवढं तर लेकीला सासरी धाडताना बी सांगितलं नसंल," चिंगी म्हणाली आणि सरुबाईला हसू आवरेना.

सृष्टी शेडकडं गेली आणि मॅडमना जे होतं ते सांगून टाकलं: आजोबांचा राब जळतोय, तो हलवतोय, थोडं थांबावं लागेल. मॅडम चेहऱ्यावरून कडक वाटत होत्या. त्या बाहेर येऊन बांधावर उभ्या राहिल्या आणि डोक्यावर विस्तव घेऊन चाललेली ती रांग बघत राहिल्या. नंतर सरुबाईनं दिलेलं ताक त्यांनी दोनदा मागून घेतलं.

कोपऱ्याची माती उघडी पडली. अर्धवट भाजलेली, लालसर. कोंडाजीनं तिच्यावरून हात फिरवला, चटका बसला, हात झटकला. तिथं यंदा तण माजणार हे त्याला कळत होतं. पलीकडं ओढ्याखाली सावळ्याच्या राबातून धूर उठला आणि दरीत उतरत गेला. माळावरची हवा दुपारपर्यंत स्वच्छ झाली.

चाचणी बघायला सृष्टीनं आबांना जाड काचेमागं उभं केलं. पंखा घोंगावला, पिंपात तेल फवारलं गेलं, ठिणगी पडली आणि आतला भाग नारिंगी झाला. कुणीतरी बटण दाबलं. आग गेली. क्षणात गेली, जशी नव्हतीच.

कोंडाजीनं आनंदानं सृष्टीकडं पाहिलं, तर ती हसत नव्हती. ती घड्याळाकडं बघत होती. सार्थकही. मॅडमही. राबापाशी तो थांबला होता तसेच सगळे थांबले होते, म्हातारी परत येते का बघत. किती वेळ गेला कुणास ठाऊक. आणि पिंपात भक्कन आग परत पेटली.

"आली की गं!" कोंडाजीच्या तोंडून निघून गेलं. सगळी मेहनत पाण्यात, त्याला वाटलं.

पण सार्थकनं उडी मारली होती. सृष्टीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि मॅडम तिचा खांदा थोपटत होत्या.

"अगं, परत आली आग, आन नाचताय काय?"

"उशिरा आली, आबा!" सृष्टीनं त्याला मिठी मारली. "हॅलोनला हरवलं. खऱ्या विमानात पायलट तेल बंद करतो, लोखंड निवतं, मग ती येतच नाही. इथं आम्ही मुद्दाम तेल आणि ठिणगी चालू ठेवतो, मिश्रण तिला किती वेळ थोपवतं ते बघायला. हॅलोननं जितकं थोपवलं होतं, त्याहून जास्त थोपवलं."

कोंडाजीनं थोडा विचार केला. "म्हंजे बी उगवलं?"

"उगवलं. अजून लावणी आहे, राखण आहे, खूप परवानग्या आहेत. पण उगवलं."

मॅडम वेळेत पुण्याला गेल्या. शेड माळावरच राहिली.

जुलैत लावणीच्या वेळी व्हायचं तेच झालं. कोंडाजीचा वाफा हिरवागार, आणि त्या एका कोपऱ्यात तण गुडघाभर, मधूनमधून रोपाची चुकार काडी. शेवटच्या भातखाचरापुरतं रोप कमी पडलं. कोंडाजी बांधावर बसून पुन्हा पुन्हा हिशेब करत होता, तोच ओढ्याकडून सावळा आणि चिंगी आले. दोघांच्या डोक्यावर रोपांच्या मुठींचे भारे. रोप उंच, एकसारखं, जाड बुंध्याचं.

"घ्या भाऊ. तुमच्याच इस्तवावर आलंय," सावळ्यानं भारा उतरवला. "यंदा आमच्या राबाला लोकं बगायला येत्यात."

कोंडाजीनं एक मूठ सोडली, मुळं पाण्यात धुतली, उजेडात धरून बघितली. रोप त्याच्या रोपापेक्षा चांगलं होतं. हे त्यानं कबूल केलं नाही.

"बरं हाय," तो म्हणाला.

"नुस्तं बरं?" चिंगी म्हणाली.

खाचरात सुट्टी काढून आलेली सृष्टी चिखलात उभी होती. तिनं हात पुढं केला. "आबा, द्या ती मूठ इकडं. नुसतं बघत बसू नका."

"थांब गं," कोंडाजी म्हणाला, आणि पायजमा गुडघ्यावर दुमडून चिखलात उतरला.