आमच्या वार्ताहराकडून

नरडाणा स्टेशनबाहेर आधारचं सायकलचं दुकान होतं. दुकान कसलं, चार पत्रे, एक हवेचा पंप आणि पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं. पण दारावर पाटी लोंबायची: ‘दैनिक तापीकाठ, नरडाणा वार्ताहर’. गावात सायकलवाला आधार म्हटलं की चार जण विचारायचे, कोणता? पेपरवाला आधार म्हटलं की शेंबडं पोरही दुकान दाखवायचं. बस, एवढीच काय ती कमाई. अकरा वर्षं झाली, ‘तापीकाठ’नं त्याला एक फुटकी कवडी दिली नव्हती.

दुपारच्या पॅसेंजरला तो बातम्यांचं पाकीट द्यायचा. गार्ड ते जळगावला उतरवायचा, तिथं पेपरचा माणूस घ्यायचा. दुसऱ्या दिवशी छापून यायचं, ‘आमच्या वार्ताहराकडून’. नाव नाही, गाव नाही. कागद आधारचा, शाई आधारची, आणि मारामारीची बातमी छापली तर शिव्याही आधारलाच. तो पंचायतीच्या सभेला गेला की दुकानात पंक्चर काढायला द्रौपदाबाई बसायची, त्याची बायको. घमेल्यात ट्यूब बुडवता बुडवता ती विचारायची, “आज किती दिधं तुमना पेपरनी?” आधार हसण्यावारी न्यायचा. त्यात त्याचा हात कोण धरील!

दरवर्षी जळगावला वार्ताहरांचा मेळावा भरायचा. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, आणि प्रत्येकाला शाल-नारळ. शाल अशी पातळ की पलीकडचा माणूस दिसावा. १९८९ च्या मेळाव्यात मालक रतिलालशेठ नेहमीचंच बोलले, “तुम्ही नोकर नाहीत, तुम्ही माझं कुटुंब आहात.” आणि त्याच दमात म्हणाले की दिवाळी अंकाला प्रत्येकानं पाच हजारांच्या जाहिराती आणायच्या. आधारच्या टाळक्यात काय शिरलं देव जाणे, तो उभाच राहिला.

“शेठ, कुटुंब म्हणता, तर घरच्याला जेवू तरी घालाल. बातमीमागं दोन रुपये द्या. निदान कागद-शाईचे द्या.”

शेठ रागावले नाहीत. ते कधी रागवतच नसत, तीच तर खुबी. “आधारभाऊ, पैसे कमवायचे तर किराणा दुकान काढावं. ही समाजसेवा आहे. आणि तुम्हाला ओझं वाटत असेल तर नरडाण्याचे पाच जण माझ्याकडे अर्ज घेऊन बसलेत.”

जेवणं झाल्यावर मागच्या निंबाखाली तेवीस वार्ताहर जमले. चोपड्याचा हिलाल गुरुजी आधारचा जुना दोस्त. तो आधी बिचकत होता. म्हणाला, “पैसे घेतले की आपण त्यांचे चाकर. मग ते सांगतील तेच लिहावं लागेल.”

“आता काय वेगळं चाललंय?” आधार उसळला. “साखर कारखान्याची बातमी तुझी कापली का नाही? फुकटची कापली. गुरुजी, तुला पगार आहे, तुला सेवा परवडते. मी सेवा करतो तेव्हा माझ्या घरात चूल थांबते.”

हिलालच्या ते काळजाला लागलं असावं. त्यानंच पहिला हात पुढं केला. तेवीस जणांनी हातावर हात मारला: सोमवारपासून एकही पाकीट जाणार नाही. फुटेल तो आपला नाही.

आणि काय सांगावं, मंडळी टिकली! जिल्ह्याच्या पानावर घरगुती औषधं यायला लागली. ओवा कशावर चांगला, हळद कशावर चांगली. गावोगावचे लोक पेपर उलटायचे, आपलं गाव सापडेना की दुकानदाराला परत करायचे. दहाव्या दिवशी जळगावहून निरोप आला, शेठ रविवारी बोलायला तयार आहेत. आधारला रात्रभर झोप नाही. अकरा वर्षांनी का होईना, माणूस ताळ्यावर येत होता. फक्त तीन दिवस कळ काढायची होती.

दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी भर उन्हात, नाल्याकाठची भिलांची वस्ती पेटली. सतरा झोपड्या. माणसं वाचली, पण धान्य, गोधड्या, बकऱ्या, सगळ्याची राख. शुक्रवार उजाडला तरी सरकारचं कुत्रं फिरकलं नाही. दुपारी वस्तीतली लिलाबाई दुकानाशी येऊन उभी राहिली. पदर जळका, कडेवर नातू.

“आधारभाऊ, बठ्ठं जळी गयं. पोरं उनमा बसनात. तू लिख ना. तू लिखस तवय साहेब येतस.”

खोटं नव्हतं ते. पेपरात आल्याशिवाय तालुक्याची जीप हलत नाही, हे आधारनंच अकरा वर्षं गावाला शिकवलं होतं. तो म्हणाला, “अक्का, आमचा संप आहे.” म्हणाला आणि स्वतःचीच लाज वाटली त्याला. संप म्हणजे काय ते त्या बाईला कोण समजावणार, आणि कोणत्या तोंडानं?

मग त्याला एक तोड सुचली. अक्कल गहाण पडते ती अशी. वार्ताहर बातमी देणार नाहीत असं ठरलं होतं, पण वाचकांच्या पत्रांचं काय? पत्र कुणीही लिहावं, त्याला वार्ताहर कशाला लागतो? त्यानं लिलाबाईच्या नावानं पत्र लिहिलं, खाली तिचा अंगठा उठवला. वर ठळक अक्षरात घातलं, ‘वाचकांच्या पत्रव्यवहारासाठी’. पोस्टानं तीन दिवस लागले असते, म्हणून पाकीट दुपारच्या पॅसेंजरला गार्डाच्या हातात दिलं. आपण हात मारलेला शब्द मोडला नाही, असं मनाला बजावत तो घरी आला.

अरे बाबा, ज्या कचेरीनं अकरा वर्षं तुझं अक्षर वाचलं, ती ते ओळखणार नाही?

शनिवारी पहिल्या पानावर चार कॉलम. ‘नरडाणा येथे सतरा झोपड्या खाक’. आणि खाली, आयुष्यात पहिल्यांदा, ‘आमचे नरडाण्याचे निष्ठावंत वार्ताहर आधार यांजकडून’. अकरा वर्षं ज्या नावासाठी जीव आसुसला होता ते नाव ठळक टाइपात बघून आधारनं पेपरची घडी घालून घमेल्याखाली सारली. संध्याकाळपर्यंत एकोणीस गावांची पाकिटं जळगावला पोचली. म्होरक्याच फुटला, मग आपणच का मरायचं! रविवारची बैठक कोणी घेतली नाही, कोणी मागितलीही नाही.

वस्तीवर जीप मात्र आली. पंचनामा झाला, पत्रे मिळाले, ज्वारी मिळाली. लिलाबाई आधारच्या पाया पडायला आली, तर तो मागच्या दारानं निघून गेला.

बुधवारी हिलाल शाळेला रजा टाकून आला. दुकानाच्या फळीवर बसला, पाणीसुद्धा घेतलं नाही. आधारनं सगळं सांगितलं, पत्र, अंगठा, सगळं. हिलालचा चेहरा जरा निवळला. “लिहायलाच हवं होतंस तू,” तो म्हणाला, “पण आम्हाला विचारायचं तरी होतंस.” तेवढ्यात पोस्टमन जीवराम सायकलवरून उतरला.

“पेपरवाले, मनिऑर्डर! जळगावहून. शंभर रुपये.” आणि मेल्यानं खालचा मजकूर मोठ्यानं वाचला, “निष्ठेबद्दल विशेष मानधन. रतिलाल.”

हिलाल ताडकन उठला. “किती दिवसांपासून ठरलं होतं?”

“आईशपथ, हिलाल...”

“शपथ नको. परत पाठव. माझ्यासमोर परत पाठव, मग मी बाकी एकवीस जणांना सांगतो की आधार विकला गेला नाही.”

आधारनं जीवरामच्या हातातला फॉर्म ढकलला. “परत धाड. घेणार नाही म्हणून लिही.”

“थांबा.”

द्रौपदाबाई घमेल्याजवळून उठली होती. कोपरापर्यंत हात ओले, बोटं काळी. ती हिलालकडं बघतसुद्धा नव्हती.

“अकरा वरीस तुम्ही लिखं, पंक्चर मी काढं. माले कधी इचारं? शेठनी तुम्हले फुकट राबाडं, तुम्ही माले राबाडं. त्या पैसा मन्हा. सही करा.”

आधारनं तिच्याकडं बघितलं. मेळाव्यात तो शेठला जे तडातडा बोलला होता, तेच ती त्याला ऐकवत होती: राबणाऱ्याचे पैसे राबणाऱ्याला. हिलाल वाट बघत होता. जीवरामनं पेन पुढं केलं.

आधारनं सही केली.

हिलाल रस्ता ओलांडून शिरपूरच्या गाडीकडं चालू लागला. द्रौपदाबाईनं हात लुगड्याला पुसले, नोटा घेतल्या आणि आत ठेवून आली. मग परत घमेल्याशी बसली, कारण एक गिऱ्हाईक केव्हाचं सायकल धरून उभं होतं.