उजवा कौल

साहेबांनी सहदेवच्या उसाचं पान उलटं केलं, भिंग डोळ्याला लावलं आणि पानामागे दाटून बसलेली पाकोळ्यांची कीड न्याहाळत विचारलं, "यातल्या मेलेल्या दिसल्या का कुठे? पांढरी बुरशी आलेल्या?"

सहदेवने उपरण्याने मान पुसली. घाम नव्हता.

"पीठ माखल्यागत?"

"अगदी तसंच! आधी पांढरी, मग हिरवट." शेतकी खात्याचे हे साहेब पोलादपूरच्या खालच्या अंगाला, सावित्रीकाठच्या या गावापर्यंत छकड्यात हाडं खिळखिळी करून घेत आले होते, उत्साह तेवढा शाबूत होता. "ती बुरशी म्हणजे या किडीचा काळ. तिच्या अंगात रुजते, आतून खाते. उसाला काही करत नाही. तशी पानं कापायची, बाकीच्या उसात जागोजाग बांधायची, संध्याकाळी पाणी शिंपडायचं. हवा दमट आहे तोवर पसरेल. कुठे होती, दाखवा."

सहदेवने दाखवलं. ओढ्याच्या बाजूला, बांधाला लागून, अंगणाएवढी जागा जळून काळी पडली होती.

"हे कोणी केलं?"

"पोरांनी," सहदेव म्हणाला. त्याला मूलबाळ नव्हतं. साहेबांना ते ठाऊक नव्हतं, एवढीच काय ती जमेची बाजू.

बांधापलीकडे ठमाबाईचा ऊस होता. ऊस म्हणायचा तो भिडेखातर; चार सरी, त्याही ओढ्याच्या सावलीत. ठमाबाई सहदेवच्या भावकीतली, नात्याने वहिनी. नवरा गेलेला, मुलगा मुंबईला गिरणीत. श्रावणात तिच्या बांधाकडून आपल्या उसात पांढरे किडे दिसायला लागले तेव्हा सहदेवने सरळ बेरीज मांडली. पीठ आपण होऊन येत नाही, कोणीतरी टाकतं, आणि बांधाला लागून बाई एकच. भारलेलं पीठ! त्याने उघडीप बघून तो कोपरा तोडला, वर पेंढा रचला, घासलेट ओतून जाळला, आणि गाव देवळात गोळा केलं.

गोमाजी गुरवाने देवाला ओल्या पाकळ्या लावून विचारलं होतं, "पांढरं आलं ते ठमाबाईच्या शेतातनं काय रे देवा?" उजवी पाकळी पडली, म्हणजे होय. देव खोटं बोलला नव्हता, हे सहदेवला आज उमगत होतं. देव विचारलं तेवढंच सांगतो. विचारणाऱ्याची अक्कल काढत नाही.

मग गावासमोर ठमाबाईने शपथेचा अंगारा उचलला. "माझ्या हातचं काय बी ह्या उसाला लागायचं नाय." तेव्हापासून पाणवठ्यावर बाया आपली कळशी तिच्या कळशीपासून लांब ठेवत. तिच्या घरचं विरजणसुद्धा कोणी नेईना.

साहेब येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गाव जेवून आडवं झालं तेव्हा सहदेव उपरण्याखाली कोयता घेऊन ओढ्याकडे गेला. तिथे कोणी नसेल असा त्याचा हिशेब होता. ठमाबाई बांधावर गवत कापत बसली होती.

"भावजी? वाट चुकलात काय?"

"नाय वयनी. जरा पानं पायजे व्हती. ती... पीठ आल्याली."

"माझं पीठ?"

साहेबांचं सगळं बोलणं सहदेवने एका दमात सांगून टाकलं. एक वाक्य तेवढं राहिलं; ते साहेबांचं नव्हतं, त्याचं स्वतःचं होतं.

ठमाबाईने ऐकून घेतलं.

"म्हंजे भारल्यालं नव्हतं?"

"नाय."

"बरं झालं," ती म्हणाली. "एवढी मानसं म्हनतात, तवा मलापन वाटाया लागलं व्हतं, झोपेत करते का काय मी."

सहदेवने कोयत्याची मूठ उगाच दाबली.

"पर देऊ कशी?" ती म्हणाली. "अंगारा उचलवलात तुम्ही. माझ्या हातचं लागलं नि तिकडं मुंबैला माझ्या पोराला काय झालं तर?"

"मग?"

"चोरून न्या."

"आं?"

"मी देत नाय. तुम्ही चोरताव. मी बघत नाय." ती उठली आणि ओढ्याकडे तोंड करून, त्याच्याकडे पाठ फिरवून बसली. "पाटी पडलीया तिथं. तीपन चोरा. मोकळी झाली की आनून ठेवा."

सहदेव पानं कापत राहिला. तिची पाठ हलत होती. हसून की आणखी कशाने, हे पुढे जाऊन बघायची त्याची छाती झाली नाही.

भरली पाटी डोक्यावर घेऊन तो वाटेला लागला. कोणी विचारलंच तर "साहेबाचं औषध," एवढं सांगत राहिला. त्याने पानं बांधली, पाणी शिंपडलं. दसऱ्याच्या आधीच पाकोळ्या पानामागे जागच्या जागी पांढऱ्या पडल्या, नि शेंड्याला नवा हिरवा कोंब आला.

दसऱ्याला देवळात नारळ फुटला. गोमाजीने पहिला तुकडा सहदेवच्या हातावर ठेवला.

"साहेबाचं औषध निमित्ताला, बाबांनो! कौल खरा झाला. ठमीचा हात सुटला नि ऊस उठला."

माना हलल्या. एवढा सोपा हिशेब कोण नाकारणार? सहदेवनेच शिकवलेला होता.

"मग तिला वड्यावरनंच उठवा की," मागून चांगू म्हणाला. "उद्या आमच्या शेताला काय केलंन म्हंजे? तिचं पानीच बंद करा."

"इचारू की देवाला," असं म्हणत गोमाजीने पाकळ्या भिजवायला घेतल्या.

ठमाबाई देवळाबाहेर, खालच्या पायरीशी बसली होती. तिने वर बघितलं, सरळ सहदेवकडे. तो कसाबसा नजर धरून राहिला. मग तिने पदर सारखा केला आणि हळूच, त्या दुपारी फिरवली होती तशी, पाठ फिरवली.

पानं चोरताना दिली होती तीच सवड, न बघण्याची, ती पुन्हा देत होती.

खोबऱ्याचा तुकडा हातात ओला होऊन बसला होता. सहदेवने तो खाली ठेवला आणि उभा राहिला.

"गोमाजी, थांब."

"आता का? पाकळी लागली. सांग, काय इचारू देवाला?"

"देवाला नको," सहदेव म्हणाला. "मला इचार."