जावईबापूंचा डोळा

"वर बघ. अरे, वर बघ म्हणतोय ना!"

कुत्र्याने मान फिरवली. त्याची डावी पापणी टम्म सुजली होती. घड्याळजींनी सोडलेला थेंब त्याच्या नाकावर पडला.

चाळीस वर्षे घड्याळाचे केसाएवढे स्क्रू चिमट्याने उचलणारा हात, पण डोळ्यात थेंब घालायचे म्हटले की त्याचा नेम चुकायचा. बायकोच्या मोतीबिंदूच्या वेळीही असेच व्हायचे. ती पडल्यापडल्या हसायची, "अहो, डोळ्यात घाला, कानात नको! घड्याळाला तेल देताना बरा नेम लागतो!"

बाटली तिचीच. ती जाऊन सात महिने झाले, तरी फ्रिजच्या दारात तशीच होती. कुत्राही तिचाच. जेवणाकडे पाठ करून रुसून बसायचा, म्हणून तिने त्याला जावईबापू नाव ठेवले. "मुलगी झाली नाही, पण जावई मिळाला," असे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

दुपारी डोळा उघडेनासा झाला, तेव्हा घड्याळजींनी दुकान बंद केले आणि कुत्र्याला उचलून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले.

"नाव काय याचं?"

"जावईबापू."

त्या हसल्या. "बरं. कधीपासून सुजलाय?"

"दोन दिवस. हे औषध घालतोय."

बाटली बघून त्यांचे हसू गेले. "काका, हे माणसाचं औषध. बुबुळाला जखम असेल तर यानं डोळा जाऊ शकतो. आणि उघडलीय कधी, बघितलंत?"

बाटलीवर चिकटपट्टी होती, तिच्यावर बायकोच्या अक्षरात तारीख. उघडल्यावर महिन्याने टाकायची, म्हणून ती लिहून ठेवायची. घड्याळजी ती पट्टी रोज वाचत. तारीख म्हणून कधी वाचली नव्हती.

त्यांनी टेबलाची कड धरली. "डोळा जाईल का हो?"

"बघू. दोन्ही सुजले असते तर ॲलर्जी म्हटलं असतं. एकच सुजलाय, म्हणजे आत काहीतरी गेलंय. घट्ट धरा त्याला."

डोळा बधिर करून त्यांनी पापणी उलटली आणि चिमट्याने गवताचे एक कुसळ बाहेर काढले. मग रंगाचा थेंब घालून निळ्या दिव्याखाली नीट बघितले.

"वाचला. थोडं खरचटलंय, भरून येईल. गवतात लोळतो का?"

"लोळतो की. पूर्वी फिरून आला की ही त्याचं तोंड पुसायची, पापण्या वर करून बघायची. मला वाटायचं, लाड करतेय."

डॉक्टरीणबाईंनी नवी बाटली दिली. "दिवसातून चार वेळा. गार पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं डोळ्यावर ठेवा. डोळा चोळेल, म्हणून गळ्यात ही भोंग्यासारखी कॉलर घालतेय, ती काढू नका." त्यांनी जुनी बाटली टोपलीत टाकायला उचलली.

"एक मिनिट."

घड्याळजींनी नखाने पट्टी हळूहळू सोडवली, न फाडता, आणि चष्म्याच्या डबीत आतून चिकटवली.

घरी आल्यावर त्यांनी नव्या बाटलीला चिकटपट्टी लावली आणि आजची तारीख लिहिली. मग कुत्र्याचे डोके मांडीवर घेतले.

"वर बघा, जावईबापू. डोळ्यात घालायचंय, कानात नाही."

थेंब बरोबर डोळ्यात पडला. कोणी बघितले का म्हणून घड्याळजींनी स्वयंपाकघराच्या दाराकडे मान वळवली. मग बाटलीला झाकण लावले.